उत्तरेकडचा चौथा खांब

अंजनीचं बारसं झालं ते साल १९१२. अंजनी ही माझ्या थोरल्या भावाची, भरमूअण्णाची मुलगी. पाळण्याची दोरी तुळईला मीच बांधली होती. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी आणि अण्णा कंग्राळीहून चालत बेळगावच्या कॅम्पात गेलो आणि भरतीच्या साहेबापुढं उभे राहिलो. साहेबानं आमचे तळहात उलटसुलट करून बघितले. घट्टे बघून त्यानं आम्हाला सफरमैनेत पाठवलं. सफरमैना म्हणजे रस्ते, पूल, खंदक करणारी पलटण. तिचं ठाणं पुण्याजवळ खडकीला. आमचं घर दगड घडवणाऱ्यांचं. आज्यानं, बापानं तेच केलं होतं.

निघताना वहिनीनं, म्हणजे यशोदाबाईनं, मला सांगितलं की ह्यांच्याकडं लक्ष ठेवा. अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तरी तिनं ते मला सांगितलं. घरात मी हुशार समजला जायचो आणि अण्णा भोळा.

दोन वर्षांनी लढाई सुरू झाली आणि आम्हाला आगबोटीनं फ्रान्सला नेलं. खंडेनवमी तिथल्या तंबूत झाली. छिन्न्या, हातोडे, पहारी, ओळंबा असं सगळं घोंगडीवर मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं. नारळ मिळाला नाही. ऑक्टोबर संपता संपता आमच्या कंपनीला बंदुका देऊन पुढं धाडलं. निम्मी माणसं परत आली नाहीत. त्याबद्दल मला लिहायचं नाही. अण्णा आणि मी परत आलो.

जानेवारीत उरलेल्यांना मागं एका खेड्यात ठेवलं. त्या खेड्याचं नाव मला तेव्हाही नीट घेता येत नव्हतं, आता तर आठवतही नाही. विटांची चाळीसएक घरं, बिटाची शेतं, पाणी साचलेले चर आणि मधोमध देऊळ. आम्ही त्याला देऊळच म्हणायचो. तिथं प्रत्येक गावाला तसं एक होतं. गाव दिसायच्या आधी त्याचा मनोरा दिसायचा. मनोऱ्याच्या टोकाला वाऱ्यासरशी फिरणारा लोखंडी कोंबडा. अण्णाला त्याचं फार हसू यायचं. तो म्हणायचा, आपण देवाला कोंबडा देतो, ह्यांनी देवाच्या डोक्यावरच बसवलाय.

आम्हाला राहायला ते देऊळच दिलं होतं. बाकं एका बाजूला रचून फरशीवर पेंढा पसरला होता. गावचा पाद्री म्हातारा होता, उंच, पाठीत वाकलेला. देवाच्या पुढ्यातली जागा त्यानं दोरी बांधून वेगळी ठेवली होती. ती दोरी आमच्यातल्या कुणी ओलांडली नाही. आम्ही जोडे दाराशी काढत होतो. त्या थंडीत अनवाणी फिरणारी माणसं बघून पाद्री पहिल्या दिवशी नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं घरातली जुनी गोणपाटं आणून दारापासून पेंढ्यापर्यंत अंथरली.

मी पडल्या पडल्या ते बांधकाम बघायचो. दुसरं बघायला काही नव्हतं.

दगड पांढरा आणि मऊ. नखानं ओरखडला तर खडूसारखी भुकटी निघायची. आमचा काळा दगड छिन्नीला ठिणग्या दाखवतो. तो दगड करवतीनं कापता आला असता. दाराकडची भिंत सगळ्यात जुनी. हातभर रुंद ओबडधोबड दगड, खिडक्या लहान आणि वरून गोल. त्या बांधणाऱ्यांना खिडकीची भीती वाटत असावी. मधल्या भागाचं काम वेगळ्या हातांचं. तिथं कमानी टोकदार होत्या. भिंतीतून दगडाच्या फासळ्या निघून वर जात आणि छताच्या मध्यावर एकमेकींना भेटत. त्या भेटीच्या जागी एकच दगड, त्यावर पानाफुलांची नक्षी. दोन फासळ्यांच्या मधली जागा वीतभर जाडीच्या दगडांनी भरलेली. आमच्याकडं किल्ल्यातल्या जुन्या बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, छत आहे, पण तिथं खांबावर तुळई, तुळईवर फरशी असं एकावर एक ठेवलेलं आहे. भार सरळ खाली जातो. एक खांब काढला तर त्याच्यावरचं तेवढं पडेल. इथं दगड वर अधांतरी उभे होते आणि पडत नव्हते. चुन्याच्या जोरावर असतील असं मी ठरवलं. मनोरा सगळ्यात शेवटचा, त्याचे दगड एकसारखे कापलेले.

पाद्री एकदा मेणबत्ती घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी भिंतीवर हात फिरवत होतो ते त्यानं बघितलं असावं. त्यानं मेणबत्ती दगडाच्या अगदी जवळ आडवी धरली तेव्हा त्यावरची खूण दिसली. पाखराच्या पायासारखे तीन ओरखडे. दुसऱ्या दगडावर बाण, तिसऱ्यावर मासा. ज्यानं जो दगड घडवला त्यानं त्यावर आपली खूण केलेली. आमच्या घराची पण खूण आहे, त्रिकोण आणि त्यात टिंब. मी कोळशानं फरशीवर काढून दाखवली. पाद्रीनं मान हलवली. मग त्यानं बोटांवर शेकडे मोजून दाखवले. दाराकडची भिंत आठशे वर्षं, मधलं चारशे, मनोरा तीनशे. मी अण्णाला सांगितलं. अण्णा म्हणाला की आठशे वर्षं कुणी बांधत बसतं का, त्यापेक्षा एकदाच बांधावं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्फ पडला आणि दोन दिवसांत त्याचा चिखल झाला. गावाबाहेर एका चरावर तोफांच्या गाड्या रुतायला लागल्या. तिथं घडीव दगडाची फरसबंदी करा, संध्याकाळपर्यंत झाली पाहिजे, असा साहेबाचा हुकूम आला. साहेब स्वतः पुढच्या फळीवर निघून गेला. आमचे जमादार मार्तंडराव साताऱ्याकडचे. त्यांनी साहेबाचं बोलणं आम्हाला सांगितलं. देवळाभोवतीच्या आवाराची भिंत पाडून दगड घ्या, असं साहेब म्हणाला होता.

मी आणि अण्णा भिंत बघायला गेलो. भिंतीच्या आत गावचं स्मशान होतं. काही थडग्यांचे दगड त्या भिंतीतच बसवलेले होते. आमच्यात मसणातला दगड वाटेवर घालत नाहीत. त्यावरून माणसं जातात, गुरं जातात. मार्तंडरावांना सांगितलं तर ते म्हणाले की बरोबर आहे, पण दगड पाहिजेत. मग देवळाच्या भिंतीचा घ्यायचा का, तर तोही नाही. देवाच्या अंगाचा दगड काढायचा नाही हे तर घरातलं लहान पोर सांगेल. आमच्या बापाचा नेम होता. पडक्या देवळाचा दगड लागलाच तर देवळाच्या अंगाबाहेर जे उभं असेल तेवढंच घ्यायचं, ढासळलेली ओवरी म्हणा, मोडकी दीपमाळ म्हणा. अंगाबाहेरचं देवाला लागत नाही.

देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला बाहेरून चार खांब होते. खाली रुंद, वर निमुळते, भिंतीला पाठ लावून उभे. पहिले तीन भिंतीत दात घालून बांधलेले, म्हणजे भिंतीचेच. चौथा वेगळा. त्याचे दगड मोठे, चांगले घडीव, आणि भिंतीत एकही दगड गुंतवलेला नाही. भिंत आणि खांब यांच्यात वरपासून खालपर्यंत सरळ सांधा. मी त्यात बोटाचं नख घालून बघितलं. हा नंतर बांधलेला आहे, हे मी सांगितलं आणि ते खरं होतं. नंतरचा आहे म्हणजे जादा आहे, हेही मीच सांगितलं.

अण्णा खांबापासून चार पावलं मागं गेला आणि मान वाकडी करून बघत राहिला.

"रवळू, ह्यो टेकू तर न्हवं?"

मी म्हणालो, "देवाला टेकू लागतोय व्हय रं अण्णा? आठशे वर्षं उभाच हाय की."

अण्णा हसला. आसपासची माणसं हसली. ओळंबा माझ्या पिशवीत होता. तो भिंतीला लावला असता तर भिंत बाहेर झुकलेली आहे हे दोरीनं सांगितलं असतं. परक्याच्या भिंतीला ओळंबा कशाला, म्हणून मी तो काढला नाही.

खांबावर छातीइतक्या उंचीवर अक्षरं कोरलेली एक पाटी होती. आमच्यापैकी कुणालाच अक्षर येत नव्हतं, कुठलंच. मी ती पाटी छिन्नीनं हलकेच सोडवली, कोपरा मोडू दिला नाही, आणि गवतावर उताणी ठेवली. मग आम्ही वरून दगड उतरवायला लागलो. चुना जुना आणि भुसभुशीत होता. दुपारपर्यंत खांब कमरेइतका राहिला. संध्याकाळी चरावर फरसबंदी झाली आणि गाड्या गेल्या. काम चांगलं झालं होतं. मार्तंडराव तसं म्हणाले.

पाद्री त्या दिवशी शेजारच्या गावात कुणाला मूठमाती द्यायला गेला होता. तो परत आला तेव्हा उजेड सरत होता. चौथ्या खांबाची जागा त्यानं बघितली आणि त्याच्या हातातली टोपी खाली पडली. तो आमच्याकडं धावत आला. त्या वयाचा माणूस धावताना मी आधी बघितला नव्हता. तो बोलत होता, भिंत दाखवत होता, मग वर छत दाखवत होता. तो दगडासाठी रागावला आहे असं आम्हाला वाटलं. मी त्याला हाताला धरून गवतावरची पाटी दाखवली, की बघा, लिहिलेलं नीट जपून ठेवलंय. तो पाटीकडं बघून रडायला लागला. मार्तंडरावांनी खुणा करून सांगितलं की हुकूम होता, साहेब उद्या येतील, साहेबाला सांगा.

पाद्री आत गेला. त्यानं दोरीच्या पलीकडची चांदीची भांडी आणि दिवा उचलून बाहेर नेला. मग तो आमची पांघरुणं ओढायला लागला. अण्णाला दोन दिवस ताप होता. काम करून आल्यावर तो चढला होता आणि अण्णा भिंतीकडेला, चौथ्या खांबाच्या आतल्या बाजूला, पेंढ्यात पडला होता. पाद्रीनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि दारापर्यंत नेलं. बाहेर बोचरं वारं होतं. अण्णा कुडकुडत उभा राहिला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हातारा लई चिडलाय. ह्येचा दगुड ह्येला दे जा, पर मला झोपू दे."

मी अण्णाला परत आत नेलं. पेंढा सारखा केला, त्याला निजवलं, माझी घोंगडी त्याच्या घोंगडीवर घातली. पाद्री दाराशी उभा होता. मी त्याला हात जोडून सांगितलं की माणूस आजारी आहे. तो बराच वेळ तिथंच उभा होता.

सकाळी ऊन पडलं, आठवड्यात पहिल्यांदा. बाकीचे सगळे चरावर कामाला गेले. अण्णा एकटा आत होता. नऊच्या सुमारास आवाज झाला. आम्ही सवयीनं चिखलात पालथे पडलो. तोफगोळा पडला की आधी शीळ येते आणि नंतर जळका वास येतो. शीळ आली नव्हती आणि वासही आला नाही. मान वर केली तेव्हा देवळाच्या उत्तरेकडून पांढरी धूळ वर चढत होती. मनोरा उभा होता. कोंबडा फिरत होता.

चौथ्या खांबामागची भिंत बाहेर पडली होती आणि मधलं छत आत. नक्षीचा तो मधला दगड फरशीवर सरळ बसला होता, पानं वर करून. त्याच्या पलीकडं आम्ही दुपारपर्यंत दगड उचलत होतो. दगड मऊ असला तरी वजनाला कमी नसतो.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. पाद्री त्याच्याशी बोलला, साहेबानं मार्तंडरावांना सांगितलं आणि मार्तंडरावांनी मला. पाटीवर लिहिलं होतं की छताच्या रेट्यानं ही भिंत बाहेर झुकली, म्हणून गावानं पैसे गोळा करून हा खांब बांधला. ज्या साली बांधला ते साल, आणि बांधणाऱ्या गवंड्याचं नाव. साहेबानं कागदावर लिहिलं की शिपाई भरमू शत्रूच्या तोफगोळ्यानं ठार झाला. आसपास रोज गोळे पडत होते. त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

छताच्या वर ओकाच्या लाकडाची मोठी कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, होती, उलट्या नावेसारखी. तीही मोडली होती. पाद्रीनं त्यातली लाकडं दिली. आम्ही अण्णाला बिटाच्या शेतात त्याच लाकडांवर ठेवला. लाकूड जुनं आणि कोरडं होतं. लवकर जळलं.

निघायच्या आदल्या दिवशी पाद्री मला भेटला. तो रागात नव्हता. त्यानं मला समोर उभं केलं, आपले दोन्ही तळहात माझ्या तळहातांना लावले आणि पाय मागं घेऊन माझ्यावर रेलला. मला कळलं की मीही रेलायचं आहे. आम्ही दोघं तसे उभे राहिलो, एकमेकांच्या भारावर. मग त्यानं आपल्या बुटानं माझ्या पायाची टाच हळूच मागं सरकवली. मी पडलो आणि तोही माझ्यावर पडला. उठून त्यानं माझ्या कपड्यांचा चिखल झाडला आणि तो गेला. कमान कशी उभी राहते हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी सव्वीस वर्षांचा झालो होतो आणि स्वतःला दगडातला जाणकार म्हणत होतो.

तिथून मी काही आणलं नाही. पुढं आम्हाला बसऱ्याकडं नेलं. मी १९१९ साली घरी आलो. वहिनी दारात उभी होती, अंजनी तिच्या पदरामागं. वहिनीनं पाण्याचा तांब्या दिला, मी पाय धुतले, आणि मग तिनं विचारलं, "लढताना गेले न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

एवढंच बोललो. ते बोलायला काहीच वेळ लागला नाही.

आमच्या भागात लढाईत पडलेल्या माणसासाठी दगड उभा करायची जुनी चाल आहे. त्याला वीरगळ म्हणतात. दगडाचे तीन टप्पे असतात. खाली लढाई, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि अगदी वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला. गावातल्या ब्रह्मलिंगाच्या देवळापुढं तसे तीन दगड आहेत, कुणाचे ते आता कुणालाच माहीत नाही. कित्येक पिढ्यांत नवा झाला नव्हता. पण गावच्या पंचांनी ठरवलं की भरमू विलायतेत लढाईत पडला, त्याचा भाऊ स्वतः दगड घडवतो, तर भरमूचा दगड झालाच पाहिजे. वहिनीच्या मनात तर ते आधीपासून होतं. मला नाही म्हणता आलं नाही.

मी चांगला काळा दगड आणला. वरचा टप्पा कोरला, मधला कोरला. १९२० साल त्यात गेलं. खालचा टप्पा राहिला. लोक विचारायचे तेव्हा मी म्हणायचो की तलवार दाखवायची का बंदूक, ते ठरत नाही. नंतर म्हणायला लागलो की खाली दगडात शीर आहे, फुटेल. मग विचारणारे कमी झाले. दगड परड्यात भिंतीला टेकून उभा राहिला. दरवर्षी माघात, अण्णाच्या तिथीला, वहिनी त्याच्यापुढं दिवा लावायची, वरच्या दोन टप्प्यांना हार घालायची आणि खालच्या कोऱ्या जागेवरून ओल्या फडक्यानं हात फिरवायची. मी लग्न केलं नाही. वहिनी रांधायची, मी कमवायचो, अंजनी मोठी झाली. लोकांना त्यात चांगुलपणा दिसायचा.

अंजनी बारा वर्षांची असताना शहरात मुलींच्या शाळेत जायची. तिच्या पाटीवर मी तिच्याकडून अक्षरं शिकलो. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा. ती हसायची, म्हणायची, "काका, तुमचा भ कुबडा झालाय." अंजनीच्या बाईंना कळलं तेव्हा त्यांनी माझं कौतुक करून पाठवलं. मी का शिकतो ते कुणी विचारलं नाही. मला मराठी अक्षर आलं म्हणून ती पाटी वाचता आली नसती, हे मला माहीत होतं. तरी शिकलो. त्यानंतर कुठंही दगडावर लिहिलेलं दिसलं की मी थांबून पूर्ण वाचतो, मग ते धर्मशाळेच्या देणगीदाराचं नाव का असेना.

एकदा कॅम्पात एका चर्चच्या भिंतींच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानं भरायचं काम मिळालं होतं. त्याच्या भिंतींनाही बाहेरून तसे खांब होते. माझ्या हाताखाली जोतिबा नावाचा गवंडी होता. त्यानं विचारलं की हे भायेरचे खांब शोभेचे काय. मी म्हणालो, टेकू आहेत. जोतिबा म्हणाला, "देवाला टेकू?" मी शिडीवरून खाली उतरलो आणि त्या दिवशी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी परत कामावर आलो.

अंजनीचं लग्न निपाणीला झालं. तिचा नवरा तंबाखूच्या वखारीत कारकून. घरात मी आणि वहिनी राहिलो. वहिनीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. यंदा, म्हणजे १९४७ च्या माघात, तिनं नेहमीसारखा दिवा लावला, पण वात दिसेना म्हणून बोट भाजून घेतलं. संध्याकाळी भाकरी वाढताना ती म्हणाली, "भावजी, खालचं कवा कोरनार? माझं डोळं गेल्यावर?"

मी दुसऱ्या दिवशी छिन्नीला धार लावली. लढाई कोरायला बसलो होतो. घोडा आखला, पुसला. बंदूक आखली, पुसली. मग मला जे येत होतं ते मी कोरलं. गोल खिडक्यांची भिंत, मधली टोकदार कमान, मनोरा, त्यावर कोंबडा. उत्तरेच्या भिंतीचे खांब. नऊ दिवस लागले. काळ्या दगडात ते देऊळ लहान आणि जड दिसत होतं.

वहिनीला हाताला धरून परड्यात नेलं. ती दगडापुढं बसली आणि बोटांनी बघायला लागली. आधी वरचे दोन टप्पे, ते तिला पाठ होते. मग खाली आली.

"ही लढाई न्हवं," ती म्हणाली.

"न्हाय. देऊळ हाय. तिथलं."

तिची बोटं मनोऱ्यावरून चढली आणि टोकाला थांबली. कोंबडा तिला ओळखता आला. ती थोडं हसली. अण्णा फ्रान्सहून धाडायचा त्या पत्रांत, दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या, तो कोंबडा होता. मग बोटं भिंतीवर आली. तिनं एकेक खांब चाचपला. एक, दोन, तीन. त्यापुढं दगड सपाट होता. ती परत मागं गेली, परत मोजलं.

"हितं एक ऱ्हायला काय?"

"ऱ्हायला न्हाय, वहिनी. तो मी काढला."

ती माझ्या आवाजाकडं वळली. मग मी सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसंच, काही न गाळता. चर, स्मशानाची भिंत, बापाचा नेम, अण्णानं विचारलं ते आणि मी काय उत्तर दिलं ते. पाद्रीनं त्याला दारापर्यंत आणला होता आणि मी परत आत नेऊन निजवला, तेही. तिला कमान कळेना म्हणून चुलीजवळची दोन लाकडं आणून एकमेकांना टेकून उभी केली, एकाच्या बुडाशी दगड लावला, तिचा हात त्यावर ठेवला आणि दगड काढला. लाकडं पडली. तिनं हात तसाच ठेवला होता.

मग पडलेलं लाकूड चाचपत ती म्हणाली, "झोपले हुते?"

"व्हय. ताप हुता."

"अंगावर काय हुतं?"

"दोन घोंगड्या. त्येची आनि माझी."

तिनं मान हलवली. दिवस मावळेपर्यंत ती तिथं बसून होती. मी गुरांना वैरण घातली, पाणी भरलं. रात्री तिनं मला भाकरी वाढली, रोजच्यासारखी दोन. दुसऱ्या दिवशीही वाढली. फक्त मला भावजी म्हणायचं तिनं सोडलं. काही हवं असलं तर नुसतं बोलायची, हाक न मारता. आठवड्यानं तिनं शेजाऱ्याकडून निपाणीला निरोप धाडला आणि अंजनी तिला न्यायला आली. अंजनीला तिनं काही सांगितलं नसावं, कारण अंजनी माझ्याशी नेहमीसारखीच बोलली, डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल आणि मोटारीच्या गर्दीबद्दल.

मोटारीत चढण्याआधी वहिनी थांबली. तिनं अंजनीचा हात सोडला आणि माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली, "दगुड हुबा करा. त्या रिकाम्या जागी कायबी कोरू नगा."

मी मे महिन्यात दगड ब्रह्मलिंगापुढं उभा केला. पाया तीन हात खोल घेतला. मागं टेकू दिलेला नाही, त्याला लागत नाही. गावातले लोक येऊन बघून गेले. भरमूनं एका मोठ्या वाड्याची राखण करताना प्राण दिला असं ते एकमेकांना सांगतात. पंचांपैकी एकानं विचारलं की चौथा खांब दगड कमी पडला म्हणून राहिला काय. मी सांगितलं, नाही, तो मीच काढला. त्याला वाटलं मी कोरताना चुकलो. अंजनीनं पत्रात विचारलं आहे की दगडावर कसलं देऊळ आहे, पोरं विचारतात. म्हणून हे लिहिलं. ती वाचेल.

दगडावर मी अगदी खालच्या काठावर अक्षरं कोरली आहेत, नाव आणि साल. भ कुबडा आलेला नाही. इथंही लिहितो.

भरमू, कंग्राळीचा, सफरमैनेतला शिपाई, ९ फेब्रुवारी १९१५ रोजी सकाळी फ्रान्सातल्या एका खेड्यात देवळाचं छत अंगावर पडून मेला. त्याची बायको यशोदाबाई ११ जुलै १९४७ रोजी निपाणीला मुलीच्या घरी वारली.